बिनकॅरेजची सायकल

अन्याय माझ्यावर झाला. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला, सकाळी नऊ वाजता, उंब्रजपासून थोडं आत असलेल्या आमच्या गावात, आमच्याच घराच्या सोप्यात झाला. करणारी माणसं घरचीच होती, आणि त्यांच्यासमोर ओवाळायचं ताट घेऊन मी स्वतः उभी होते.

मी पत्रकं लिहिते. सांगलीतल्या एका संघटनेत काम करते. स्टँडवरच्या बायकांच्या संडासाला कडी का नाही, शाळेच्या रस्त्यावरचा दिवा का लागत नाही, असले आमचे विषय. अन्याय कुणावर, कधी, कुठे, हे पहिल्याच ओळीत सांगायचं असं मी तिथे शिकले, कारण दुसरी ओळ येईपर्यंत वाचणारा पत्रकाची घडी करून त्यात भजी बांधतो. म्हणून आधी तेवढं सांगितलं. आता कसा झाला ते सांगते.

माझ्या आत्याचा पाय त्या पावसाळ्यात गुडघ्याखाली कापला. साखर. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, सांगलीत दिलेली. कामासाठी सांगलीत असते तेव्हा मी तिच्याकडेच राहते. पाय कापल्यावर वडील हादरले. ते लष्करातून निवृत्त झालेले, घरात काहीही करायचं तर परेडसारखं करतात. त्यांनी आम्हा दोघा भावंडांना रांगेत उभं करून कराडला नेलं, रक्त काढायला लावलं. दादा आणि मी, दोघांचीही साखर काठावर निघाली. दोघांचंही वजन जास्त. दादाचं पोट पुढे, माझं सगळीकडून.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या आत्ता देत नाही. तीन महिने देतो. रोज तासभर सायकल चालवा, सलग, घाम येईपर्यंत. दोघांनी." आणि चिठ्ठी देताना पुन्हा म्हणाले, "दोघांनी हं." मी तिथे होते. माझे कान चांगले आहेत.

पाडव्याला सायकल आली. एक.

काळी, कडेला पोपटी पट्टा असलेली, गिअरची. सीट वीतभर, चिंचोळी. पाण्याच्या बाटलीला खाचेत जागा. मडगार्ड नाही, स्टँड नाही, मागे कॅरेज नाही. वडिलांनी तिला हार घातला, आईने कुंकू लावलं आणि माझ्या हातात ताट दिलं. मी ओवाळलं. दादाला नव्हे, सायकलीला. मग विचारलं, "आणि माझी?"

आई म्हणाली, "तुला कशाला गं? झाडलोट हाय, धुणं हाय, दिसभर वर-खाली करतीस. तुझा व्यायाम आपसूक हुतोय."

"मग साखर का वाढली?"

"सांगलीत बाहेरचं खातीस म्हणून."

वडील हिशोबाने बोलले. "त्याचं लग्न बघायचंय. पोटामुळं दोन ठिकाणी नकार आलाय. आधी त्याचं होऊ दे."

दादा सायकलीच्या सीटवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, "आणि ही बसली तर सीट सापडंल का परत?"

सगळे हसले. आईसुद्धा. ताटातला दिवा विझू नये म्हणून मी तळहात आडवा धरून उभी राहिले.

भाऊबीजेला त्याने मला साडी दिली. देताना म्हणाला, "ड्रेसला माप लागतं, साडीला लागत न्हाई. म्हणून साडी." ती साडी मी अजून नेसलेली नाही.

मला दादाचा हेवा वाटतो. हे मी दबक्या आवाजात सांगत नाही. त्या सायकलीचे गिअर बदलताना जो कटकट आवाज यायचा, तो मला माझ्या दातांत ऐकू यायचा. ती सायकल सोप्यात ठेवायची म्हणून मोटारसायकल बाहेर गेली. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून आईने माझी जुनी ओढणी घातली. मला न विचारता. सकाळी दादा उठायच्या आत त्याचे बदाम भिजलेले असायचे, बाटली भरलेली असायची. परत आला की दोन अंडी. मी एकदा त्यातलं एक उचललं तर आई म्हणाली, "त्याचं घाम गेल्यालं शरीर हाय." जणू माझ्या अंगातून घामाऐवजी गुलाबपाणी निघतं.

सायकल मिळणार नाही हे कळल्यावर मी गोठ्यामागे गेले. तिथे माझी आठवीतली सायकल होती, शाळेतून मुलींना मिळालेली. पुढे जाळीची बास्केट, मागे रुंद कॅरेज, आणि हँडलवर कोंबड्यांची वस्ती. ती ढकलत उंब्रजला नेली. दोन्ही टायर, ट्यूब, ब्रेक, साखळी नवी टाकली. दुकानदाराने विचारलं, "शाळेला जानारी पोरगी हाय का घरात?" मी म्हटलं, "हाय. मीच."

पहिल्या दिवशी पहाटे निघाले. गावातून हायवेच्या सर्व्हिस रोडला, तिथून फाट्यापर्यंत आणि परत. पहिल्याच चढाला छाती फुटायला आली. मांड्या थरथरायला लागल्या, उतरून ढकलत नेली. थंडीत घसा जळत होता. पण फाट्याकडून परत येताना उतार लागला, पाय थांबले आणि सायकल आपली आपण पळाली, तेव्हा मला जे वाटलं ते बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. हलकं वाटलं. वजन होतं तेवढंच होतं, तरी हलकं वाटलं. मी ठरवलं, हे रोज करायचं.

गावात शिरले तर पहिल्याच घरातून प्रश्न आला. "का गं, कोण गेलं का?"

आमच्याकडे बाई उजाडायच्या आत घाईने दिसली की कुणीतरी मेलेलं असतं, नाहीतर कुणीतरी बाळंत होत असतं. तिसरं कारण नाही. पोरं भरतीसाठी त्याच रस्त्यावर धावतात, त्यांना कुणी विचारत नाही कोण मेलं म्हणून. मला रोज विचारायला लागले. पारावरचा एक म्हातारा तर विचारायचाही थांबला, नुसते हात जोडायचा. चार दिवसांत आईकडे दोन बायका भेटायला येऊन गेल्या, घरात काय झालं बघायला.

आई वैतागली. पण माझी आई हुशार आहे. तिने रस्ता काढला. गोठ्यातली दुधाची किटली आणली आणि माझ्या हँडलला अडकवली. "हे असू दे. मोकळी दिसलीस म्हणून इचारत्यात. किटली बघितली की डेअरीला चाललीय म्हणतील."

"पण रिकामी आहे."

"बाहेरनं कुणाला दिसतंय?"

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी कुणी काही विचारलं नाही. रिकामी किटली खडखडत होती, आणि मी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अब्रूदार झाले होते. म्हाताऱ्याने हात जोडायचे बंद केले. मला किटलीचा राग आला आणि आईचं कौतुकही वाटलं. आठवडाभर मी तशीच गेले. चढाला उतरायची गरज लागेना. सलवारीची नाडी बोटभर आत ओढावी लागली. मी आरशात बघायला लागले.

इथे दादाचं दूध मध्ये आलं.

आमच्या तीन म्हशी. धार वडील काढतात. डेअरीत दूध घालायचं काम आठवीपासून दादाचं; रोज सकाळी मोटारसायकलीवर दोन किटल्या घेऊन जायचा. सायकल आल्यावर त्याचा सराव नेमका त्याच वेळेला आला. फाट्यावर त्याची दोस्तमंडळी जमायची, सगळे गिअरवाले, सगळे काळे चष्मे लावून. पहिले काही दिवस तो दूध घालून उशिरा पोचला. मग एका सकाळी मी निघताना दादा किटली घेऊन माझ्यासमोर उभा.

"जातीसच तर एवढं घाल."

"तुझ्या सायकलीवर ने."

"कॅरेज हाय का तिला? कुटं बांधू, कानाला?"

तिला कॅरेज नव्हतं, हे खरंच होतं. माझ्या सायकलीला होतं. एवढ्या एका गोष्टीवर घरातल्या कामाची वाटणी झाली. कुणी भांडलं नाही, कुणी ठराव केला नाही. माझ्या हँडलला रिकामी किटली होती, ती भरली.

चुलतीने ते पाहिलं. तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. दुसऱ्या दिवशी ती बोळात उभीच. "आगं, जातीसच तर आमचंबी घाल की. तुजा काका गुडघ्यानं बेजार हाय." तिला नाही कसं म्हणायचं? मग तिच्या पुढच्या दोन घरांचं. मग कोपऱ्यावरचं, जिथली सून माहेरी गेली होती. 'जातीसच तर' हे दोन शब्द मी तेवढ्या थंडीत इतक्या तोंडांतून ऐकले की झोपेतही ऐकू यायचे. कॅरेजला तीन, हँडलला दोन, बास्केटमध्ये एक. सायकल चालवायची कसली, तिला सांभाळत न्यायची. प्रत्येक दाराला थांबा. दुधाला हिंदकळा बसू नये म्हणून पाय हळू. डेअरीत रांग, प्रत्येकीच्या किटलीचं माप वेगळं, फॅट वेगळं. तोवर आलेला घाम अंगावर गार व्हायचा.

आणि चहा. हा फास मला आधी दिसलाच नव्हता. रिकामी किटली परत द्यायला गेलं की ज्या घरचं दूध घातलं त्या घराला तसंच पाठवता येत नाही, आणि मला तसंच परतता येत नाही. "च्या घे की, एवढ्या थंडीत आलीयास." मी म्हणायचे, बिनसाखरेचा द्या. "का गं, बरं न्हाई व्हय तुला?" हे विचारताना त्यांच्या डोळ्यांत माझं लग्न मोडलेलं दिसायचं. मग मी साखरेचा प्यायचे. बशीत दिवाळीतली उरलेली शंकरपाळी असायची. तीही खायचे. सायकल चालवायला निघालेली बाई सकाळी आठपर्यंत चार घरांचा गोड चहा पिऊन घरी यायची. आमच्या आळीत हे असंच होतं आणि यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. तेच जास्त चीड आणणारं आहे. वाईट हेतू असला की पत्रक लिहिता येतं.

दादा तिकडे बारीक होत होता. रविवारी ते लोक पाचगणीला गेले. वाईपर्यंत सायकली टेम्पोत घातल्या, तिथून पसरणीचा घाट चढले, वर जाऊन स्ट्रॉबेरी खाताना फोटो काढले. टेम्पोचा फोटो कुणी टाकला नाही. मी तो फोटो मोठा करून बघितला. दादाची हनुवटी एक झाली होती. पूर्वी दोन होत्या. मी दुसरी शोधली, मिळाली नाही, आणि मला रडू आलं. दुसऱ्या खेपेला तो सायकलीवरून औंधला जाऊन यमाईचं दर्शन घेऊन आला. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "सायकलीवरनं गेला देवीला." म्हणजे वजन गेलं ते गेलं, वर पुण्यही जमा झालं. मी रोज पाच घरचं दूध घालत होते, ते देवीच्या कानावर कुणी घातलं नाही.

नवे कपडे त्याला. जुनी पँट कमरेतून घसरायला लागली म्हणून त्याने सोप्यात उभं राहून ती पुढे ओढून दाखवली. मध्ये माझा अख्खा हात गेला असता. सगळे बघत होते. "बघ की, बघ की," तो मला म्हणाला. मी बघितलं. माझ्या नाडीची बोटभर जागा केव्हाच परत गेली होती.

त्या महिन्यात कामासाठी सांगलीला गेले तेव्हा आत्याला सगळं सांगितलं. आत्या खाटेवर बसलेली, पायाच्या जागी दुमडलेली साडी, समोर निवडायला गवार. ती कामाशिवाय बसतच नाही. मी म्हटलं, "आई म्हणते घरातली कामं म्हणजेच व्यायाम."

आत्याने गवार मोडायची थांबवली. "मी काय कमी कामं केली व्हय गं? हितनं नदीपत्तोर धुणं न्हेलं. जळाण आणलं, पाणी आणलं, पोरं काखंला मारून शेताला गेले. एक दिस बसले न्हाई. मग ह्यो पाय का गेला सांग की."

मी समोरची गवार माझ्याकडे ओढली.

"काम दुसऱ्याचं असतंय," ती म्हणाली. "त्यात आपलं अंग हाय का न्हाई कुणी बघत न्हाई. आपुन सुदीक बघत न्हाई. माज्या अंगठ्याला जखम झाली तवा घरात सोयरीक हुती. म्हटलं हुंदे ती, मग बघू." आणि पुन्हा गवार मोडायला लागली. "तू जा सायकलीवर. दूध ठेव तितंच."

"काकूला राग येईल."

"माजा पाय दाव तिला."

सांगलीत मी भाड्याची सायकल घेऊन दोन दिवस चालवली. तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. घाटावरून निघून मिरजेच्या रस्त्याला लागले, हँडलला काही नाही, मागे काही नाही. तासभर सलग. परत आले तर कानातून वाफ निघत असल्यासारखं वाटत होतं, पाय लाकडाचे, आणि दुपारपर्यंत कुणावर चिडले नाही. दादाला रोज हे मिळत होतं. मला सायकलीचा हेवा होता असं मला इतके दिवस वाटत होतं, पण खरा हेवा या तासाचा होता, ज्यात माणूस कुणाचं काहीही वाहत नाही. हे कळल्यावर हेवा कमी झाला नाही. दुप्पट झाला.

तीन महिने झाले. पुन्हा कराड. दादाची साखर खाली, वजन खाली. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. माझी साखर काठ ओलांडून आत आली होती.

"सायकल चालवता ना?" त्यांनी मला विचारलं.

"रोज."

"सलग?"

मी बोलायच्या आत दादा हसला. "हिची सायकल न्हवं ती, डॉक्टर, दुधाची गाडी हाय. दर घराला थांबती."

डॉक्टर हसले नाहीत. "थांबत थांबत चालवून उपयोग नाही. गोळ्या सुरू करायची वेळ आलीय. आणखी एक महिना देतो, शेवटचा. घरात एक पाय गेलाय ना तुमच्या?"

परतताना एसटीत दादा खिडकीशी बसला, मी त्याच्या बाजूला. पूर्वी आम्ही दोघं एका बाकावर मावायचो नाही. आता मावलो. त्याच्यामुळे मावलो.

त्यातच प्रजासत्ताक दिन आला. झेंडावंदनानंतर गावातल्या तरुणांचा सत्कार ठरला आणि त्यात दादा होता. तरुणांपुढे आरोग्याचा आदर्श ठेवल्याबद्दल. वेशीवर फ्लेक्स लागला. हेल्मेट घातलेला दादा, मागे पाचगणीचं पठार, खाली शुभेच्छुकांची रांग. तो फ्लेक्स मला हवा होता. खोटं कशाला बोलू? माझा फोटो तिथे हवा होता, दादाच्या बाजूला नाही, दादाच्या जागी.

आणि मानपत्र लिहायला सत्कारवाल्यांनी मलाच सांगितलं. "तू पत्रकं लिहितीस की. चार चांगल्या ओळी लिही भावावर." मी लिहिल्या. जिद्द, सातत्य, शिस्त, सगळं लिहिलं. शेवटी एक ओळ घातली: यांना सकाळचा वेळ मिळावा म्हणून यांचं डेअरीचं काम या काळात यांच्या बहिणीने केलं. ओळ खरी होती. दादाने वाचली आणि पेनाने खोडली.

"घरातलं कशाला चव्हाट्यावर?"

"तुझं पोट घरातलं नव्हतं का? ते वेशीवर टांगलंय."

"तुला आग लागलीय माझी," तो म्हणाला.

"हो. लागलीय."

या उत्तराची त्याला अपेक्षा नव्हती. बाई हेवा करते असं म्हटलं की ती नाही म्हणते, रडते, आणि मग विषय तिच्या रडण्याचा होतो. मी हो म्हटल्यावर त्याने खोडलेली ओळ पुन्हा एकदा खोडली. सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी सायकल उंब्रजला नेली आणि कॅरेज काढून टाकलं. बास्केट काढली. दुकानदार म्हणाला, "आवं, बाईमानसाच्या सायकलीला कॅरेज लागतंय." मी म्हटलं, "पान्हा द्या, मी काढते." मग त्यानेच काढलं.

त्यापुढच्या सकाळी धार काढून झाली. सोप्यात आमच्या दोन किटल्या. बोळात चुलती तिची घेऊन उभी. मी सायकल बाहेर काढली. सगळ्यांनी सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आई म्हणाली, "ह्ये काय केलंस गं?"

"दादासारखी केली."

"आणि दूध?"

"डेअरी आठला बंद होते. मोटारसायकल बाहेर आहे."

दादा हेल्मेटचा पट्टा लावत होता. "लोक थांबल्यात फाट्यावर माझं. आज घाल, उद्यापासनं बघू."

वडील खुर्चीत होते. लष्करात तीस-एक वर्षं काढलेला माणूस; मला वाटलं आता हुकूम सुटेल, आणि तो मलाच सुटेल. ते म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाला हिला?" दादा लावलेला पट्टा सोडून पुन्हा लावायला लागला. आईला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं. साखर आत आलीय, शेवटचा महिना दिलाय, आणि आत्याच्या पायाची आठवण करून दिली डॉक्टरांनी. आईने पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात चुलती म्हणाली, "मग आमचं कोण घालनार?"

मी निघाले. मागे काय झालं ते आल्यावर कळलं. काहीच झालं नव्हतं. दादा त्याच्या फाट्यावर गेला होता, वडील खुर्चीतून उठले नव्हते, आणि दूध सोप्यातच होतं. त्या दिवशी आमच्या घरचं दूध डेअरीत गेलं नाही. आईने चुलीवर आटवून खवा केला. संध्याकाळी दादाने तो वाटीभर खाल्ला, आणि मी त्याच्याकडे बघत ज्वारीची भाकरी खाल्ली.

पण दूध दोन दिवस आटवता येत नाही. दुसऱ्या सकाळी वडिलांनी मोटारसायकलीची किल्ली दादापुढे टाकली. "आधी दूध. मग तुझं काय ते." तो गेला, आदळत-आपटत गेला. डेअरीला जाऊन यायला त्याला किती वेळ लागतो म्हणता? चहा निवायच्या आत आला. मग गिअरची सायकल काढून फाट्यावर गेला. त्याचं काहीही बुडालं नाही. फोटो तेवढेच, हनुवटी एकच, आता मुलीकडून होकारही आलाय. एवढंसं काम होतं ते, मोटारसायकलवाल्याला. त्यासाठी माझे तीन महिने गेले. हे मला पचत नाही, आणि मी पचवणारही नाही.

चुलती माझ्याशी बोलत नाही. तिचं दूध तिचा मुलगा घालतो, कॉलेजला जाताना. तो आधीही त्याच वाटेने जायचा.

पहाटे निघाले की लोक पुन्हा विचारतात, कोण गेलं. मी सांगते, "कुणी न्हाई. मी चाललेय." पहिल्यांदा म्हातारा दचकला. आता तो भरतीच्या पोरांना ओरडतो, "सरका रं, बाई येतीय." चढाला उतरत नाही मी. मागच्या आठवड्यात फाट्यावर दादाची टोळी दिसली, त्याच्या समोरून गेले. त्याने हात केला. मी केला नाही. त्याच्या सायकलीचे गिअर अजून माझ्या दातांत वाजतात.

सांगलीत ऑफिसमध्ये यावर पत्रक काढू म्हणाले. आमच्या ताईंनी मसुदा वाचला. त्या वीस वर्षं मोर्चे काढतात. "विषय चांगला आहे," म्हणाल्या, "पण हेवा काढ यातला. हेवा हा मुद्दा होत नाही. आरोग्याचा हक्क लिही."

मी म्हटलं, "ताई, तुम्ही शेवटचं रिकाम्या हाताने कधी चाललात?"

त्यांच्या खांद्याला ऑफिसची पिशवी होती, हातात घरची भाजी, आणि काखेत नातवाच्या चित्रकलेचं सामान. त्यांनी ते टेबलावर ठेवलं. "हेवा राहू दे," म्हणाल्या.

माझी पुढची तपासणी येत्या सोमवारी आहे. साखर उतरली असेल की नाही, मला माहीत नाही. नसेल उतरली तर गोळ्या घेईन आणि सायकलही चालवीन. आत्याने सांगून ठेवलंय, निकाल आधी तिला कळवायचा, आईला नंतर.

तुम्ही हे वाचताय, म्हणजे तुमच्या घरातही कुणीतरी बाई आहे. ती उद्या सकाळी बाहेर पडेल. तिला दारात अडवू नका. जातेसच तर म्हणू नका, येताना म्हणू नका, हातात पिशवी देऊ नका, पोरगं देऊ नका. ती जे काम टाकून जाईल ते तुम्ही करा. कसं करायचं हे तिला फोन करून विचारू नका. आणि उपकार केल्यासारखं नाही, तिच्या आधी उठून करा. उद्यापासून.